माळावरचा हजेरीपट

पहाटे ४.३०

परवा रात्री साडेनऊला तात्यांचा फोन आला. "म्याडम, पडला बगा पाऊस. या आता तुमच्या किड्यास्नी बगायला." काल दुपारच्या एसटीनं एक विद्यार्थी आणि दोन पिशव्या घेऊन आले. तात्यांच्या वस्तीवर, बैलांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत मुक्काम. मृग लागून पाचवा दिवस.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली तीन वर्षं माणदेशातल्या या एकाच गावात भुंगेरे मोजते. कोणता, कुठं, किती आणि कुठल्या नक्षत्रात, एवढंच लिहायचं. गावाला हे काम अजून पुरतं पटलेलं नाही, पण हसणं बंद झालंय.

कपाळाला बॅटरी बांधून बांधावरच्या कडुनिंबाखाली जाते. खालच्या फांद्यांवर पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात. वरून टपटप काहीतरी पडतंय. हुमणीचे भुंगेरे. तांबूस तपकिरी, भिजवलेल्या शेंगदाण्याहून थोडे मोठे. रात्रभर पाला खाऊन, जोड्या जमवून आता घराकडं निघालेत. पडला की क्षणभर उताणा पाय झाडतो, पालथा होतो आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागतो. पाऊस झालेली जमीन त्याला लोण्यासारखी. उजाडायच्या आत झाडाखाली एकही राहणार नाही. दिवसा पाहणाऱ्याला वाटावं, पाला रातोरात शेळ्यांनी खाल्ला.

हे भुंगेरे पावसानं जन्माला आले, असं गावात समजतात. खरं तर ते मागच्या हिवाळ्यातच तयार झाले होते. हुमणीची अळी पावसाळाभर मुळं खाते, दिवाळीच्या सुमारास जमिनीत कोष करते आणि कोषातून पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर येतो तो थंडीतच. मग पंख, पाय, भूक सगळं असूनही तो पाच-सहा महिने मातीच्या कोठडीत नुसता बसून राहतो. वरची जमीन विटेसारखी टणक असते. ती भिजली की तो निघतो.

दोरीनं एक चौरस मीटरचा चौकोन आखून मोजते, वहीत आकडा टाकते.

सकाळी ६.००

सूर्य वर यायच्या आत खड्डे पाहायचे. उशीर झाला की मुंग्या आधी पोचतात, त्यांच्यामागून कावळे.

सापळा म्हणजे फार काही नाही. चहाच्या टपरीवर मिळतो तसला प्लास्टिकचा ग्लास, काठ जमिनीच्या पातळीला येईल असा पुरलेला. आत दोन बोटं साबणाचं पाणी, म्हणजे पडलेला तरंगत नाही. वर चार काटक्यांवर टेकवलेली फरशीची कपची, पाऊस आणि ऊन अडवायला. गायरानाच्या माळावर दहा, तात्यांच्या बाजरीसाठी नांगरलेल्या रानात दहा, ओढ्याकाठच्या बाभळींत दहा. दोन ग्लासांत दहा मीटरचं अंतर. काल तिन्हीसांजेला लावलेत.

माळावरच्या पहिल्या ग्लासात मातकट रंगाचे चपटे भुंगेरे. हे कोरड्या मुलखाचे खरे रहिवासी. जगभरच्या वाळवंटांत याच कुळाची वस्ती दाट आहे. यांच्यातल्या अनेक जातींचे पाठीवरचे दोन टणक पंख मधोमध जुळून गेलेले असतात. उडणं कायमचं गेलं. बदल्यात पंखांखाली एक बंद पोकळी मिळाली. श्वासाची छिद्रं त्या पोकळीत उघडतात, त्यामुळं श्वासाबरोबर जाणारी वाफ आतच कोंडते. पाणी वाचवण्यासाठी आकाश सोडून दिलेला प्राणी.

चौथ्या ग्लासाजवळ विद्यार्थी एकदम मागं सरकतो. ग्लासाच्या बाहेर, कपचीच्या सावलीत, काळाकुळकुळीत, लांब पायांचा, पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला शिकारी भुंगेरा उभा आहे. दुसऱ्यांच्या अळ्या, किडे धरून खाणारा. डिवचला तर शेपटाकडून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. मागच्या वर्षी हा विद्यार्थी वाकून फोटो काढत होता. डोळा धुवायला तात्यांची अख्खी घागर रिकामी झाली. आज तो दोन हातांवरून, अदबीनं फोटो काढतो.

सातवा ग्लास रिकामा. वहीत लिहिते: माळ, ग्लास ७, शून्य. विद्यार्थी पहिल्या वर्षी रिकाम्या ग्लासांच्या ओळी कोऱ्याच सोडायचा. कोरी ओळ आणि शून्य यांत फरक आहे. कोऱ्या ओळीचा अर्थ पाहिलं नाही. शून्याचा अर्थ पाहिलं, नव्हता. मी वर्गात हजेरी घेते तेव्हा गैरहजर मुलापुढंही खूण करतेच की.

सकाळी ७.३०

गोठा. खिल्लार गाईचं ताजं शेण मला हवंय, आणि ते कोण जास्त देतं यावर तात्या आणि आक्का यांच्यात एकमत नाही. फडक्यात पुरचुंडी बांधून ती दुसऱ्या रांगेतल्या ग्लासांवर टांगायची. वास पसरतो, शेणकिडे येतात.

काल सकाळी माळावर पडलेला पो आज उचकटून पाहते. वरून शाबूत दिसतो, आतून पोकळ. खाली सुतळी जाईल एवढी दहा-बारा भोकं आणि प्रत्येकाशेजारी उकरलेल्या मातीची ढिगुळी. शेणकिड्यांत तीन प्रकारचे संसार असतात. काही पोमध्येच राहतात. काही खाली बोगदा काढून शेण आत नेतात. काही गोळा करून, डोकं खाली नि मागचे पाय वर अशा उलट्या चालीनं लोटत दूर नेऊन पुरतात. त्या गोळ्यात अंडं घालायचं, अळीची आयुष्यभराची शिदोरी तीच.

हा गोळा सरळ रेषेत जातो, कारण रेंगाळलं तर दुसरा भुंगेरा तो हिसकावतो. दक्षिण आफ्रिकेतली एक जात रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरते, हे २०१३ मध्ये संशोधकांनी तारांगणात प्रयोग करून दाखवलं. भुंगेऱ्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्यावर ते वाट चुकत होते. हे सांगितल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजे आमच्या धनगरावानीच की. आमीबी रातचं चांदण्या बगूनच मेंढरं हाकायचो."

एप्रिलात हाच माळ, हीच गाय. पण तेव्हा शेण पडलं की दोन तासांत वरून भाकरीसारखा पापुद्रा धरतं आणि संध्याकाळपर्यंत गोवरी होते. ओल नाही तर आत शिरता येत नाही, आणि खालची जमीन फोडता येत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या माळावर गोवऱ्या महिनोन्महिने तशाच पडून राहतात. मृगानंतरचं शेण मात्र भराभर जमिनीत जातं. खताची गाडी भरायला लागत नाही, पसरायला माणूस लागत नाही. ऑस्ट्रेलियात गाई नेल्या गेल्या, त्यांचं शेण गाडणारे भुंगेरे मात्र तिथं नव्हते. तिथले स्थानिक शेणकिडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. कुरणं शेणानं झाकली, माश्या माजल्या. अखेर १९६८ पासून बाहेरून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्या गायरानावर ही फौज आपणहून येते, म्हणून तिची किंमत कुणी करत नाही.

तात्यांचा नातू मूठ उघडतो. तळहातावर मखमलीचा लालभडक ठिपका. "बाई, ह्यो घ्या. मृगाचा किडा." मी म्हणते, पाय मोज. तो ओठ हलवत मोजतो. आठ. भुंगेऱ्याला सहा असतात. मृगाचा किडा कोळ्या-गोचिडांच्या गोतातला. नातू जरा खट्टू होतो, पण त्याला ओल्या मातीवर परत सोडून येतो.

सकाळी ९.००

बाजरीची भाकरी, माडग्याची वाटी, कांदा. आक्का मटकीचा डबा घेऊन येतात. झाकण काढलं की दाण्यांवर बारीक तपकिरी भुंगेरे धावतात. "रानात हिंडतायसा, आन् हितं घरात बगा केवढं हायेत. ह्येंचं बी लिवा."

आक्कांचं बरोबर आहे. दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो ते अंडं. अळी आत शिरते, आतलं खाते आणि गोल खिडकी पाडून भुंगेरा होऊनच बाहेर येते. गव्हा-तांदळातले सोंडे, टोके हेही भुंगेरेच. यांना नक्षत्र लागत नाही. कणगीत बारमाही सुगी असते, म्हणून हे बारमाही असतात. हंगाम पाळतो तो बाहेरचा, ज्याला जेवण पावसाच्या मर्जीनं मिळतं.

मटकीला राख चोळून ठेवा, असं मी सांगणार तोच आक्का सांगतात की राख चोळलेली दुसरी मटकी चांगली आहे, ही आळस केलेली.

सकाळी १०.१५

ओढ्याकाठची बाभूळ. उलटी धरलेली पांढरी छत्री खाली आणि फांदीवर काठीचे तीन टोले. टोले तीनच, प्रत्येक वेळी. नाहीतर आजचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. छत्रीत राखाडी, सोंडवाले छोटे भुंगेरे पडतात आणि मेल्याचं सोंग घेतात. आम्ही गुपचूप थांबतो. थोड्या वेळानं एकेक जण पाय सोडतो, चालायला लागतो. मोजून झाडाखाली परत.

मला हवंय ते सोनपाखरू. आमच्या पिढीनं ते काड्यापेटीत बाभळीचा पाला घालून पाळलंय, त्यानं घातलेली अंडी शाळेत मिरवलीत. हिरव्या झळाळीचं हे पाखरू पावसाळ्यात बाभळीवर येतं, थोडे आठवडे जगतं, संपतं. अजून वेळ आहे त्याला. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, तेव्हा. तरी आजच्या दहा बाभळी मी झोडपतेच.

वाटेच्या कडेला गाजर गवताची कोवळी रोपं तरारलीत. पानांवर पांढरट पाठीवर काळ्या रेघांचा मेक्सिकन भुंगेरा. हे तण पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नजरेस आलं आणि देशभर पसरलं. त्याच्यावर उतारा म्हणून हा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला. तोही पाऊस सरला की जमिनीत जाऊन पडतो आणि पावसाबरोबर उठतो. परका असून इथल्या रीतीत बसला.

दुपारी १२.३०

जमिनीत तापमापी खुपसते आणि सावलीला बसते. माळावर आता काही हलत नाही. मे महिन्यात तर पूर्ण चोवीस तासांत तीस ग्लासांत मुंग्या, एखादा विंचू आणि ते मातकट भुंगेरे, एवढंच असायचं.

इथं पाहुणे आले की माळाकडं बघून म्हणतात, इथं काय असणार? सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका, तिथं पाचशेच्या आसपास. ढग सगळे घाटमाथ्यावर रिते होतात, आमच्याकडं उरलेला वारा येतो. जो पाऊस आहे तोही दोन हप्त्यांत: थोडा मृगाच्या सुमारास, मग लांब ओढ आणि मोठा हप्ता उत्तरा-हस्तात. भुंगेऱ्यांचं वर्षही त्या दोन हप्त्यांवर चालतं. पहिल्या हप्त्यावर हुमणी आणि शेणकिडे उठतात. दुसऱ्या हप्त्याच्या आसपास बाजरीच्या कणसांवर हिंगे बसतात, तुरीच्या फुलांवर नारंगी-काळ्या पट्ट्यांचे फोड आणणारे भुंगेरे येतात. रब्बीच्या ज्वारीवर मावा आला की मागोमाग ढालकिडे. जमीन ओसाड वाटते ती चुकीच्या महिन्यात आलेल्याला.

दुपारी २.००

खोलीत टेबल म्हणजे दोन खुर्च्या नि एक फळी. सकाळचा ऐवज पांढऱ्या ताटलीत ओततो. मुंग्या बाजूला, कोळी बाजूला. भुंगेरे कुळांप्रमाणं वेगळे. ओळखू येणारे मोजून नोंदवायचे. न ओळखू येणारे तेवढे ठेवायचे. मोठ्याला टाचणी, तीही उजव्या पंखातून, जगभर हीच रीत. बारीक असेल तर कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर चिकटवायचा. आणि खाली चिठ्ठी: गाव, ठिकाण, तारीख, कसा मिळाला, कुणी गोळा केला. चिठ्ठी नसलेला भुंगेरा म्हणजे नुसता मेलेला किडा. हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला बोलते.

जगात नोंदल्या गेलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती चार लाखांच्या घरात आहेत. नाव दिलेल्या प्राण्यांत दर चारांमागं साधारण एक भुंगेरा. शेणकिडे ओळखायला माझ्या हाताशी अजूनही गिल्बर्ट ॲरो यांचा १९३१ चा खंड असतो; त्यावर नव्वदहून जास्त पावसाळे गेले, पण शिंगाचा आकार नि पाठीवरचे खळगे बदललेले नाहीत. तिथंही अडलं तर पेटी उचलून पुण्याला, आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात.

लॅटिन नावं लिहिताना मराठी नावं आठवत बसते. हुमणी, सोंडे, टोके, हिंगे, नारळावरचा गेंड्या भुंगा: ही सगळी नासधूस करणाऱ्यांची. सोनपाखरू, काजवा: ही पोरांच्या खेळातली. ढालकिडा आणि मेक्सिकन भुंगेरा ही कृषी खात्यानं रुळवलेली. माळावरच्या त्या मातकट, पंख जोडून घेतलेल्या भुंगेऱ्याला मात्र आमच्या भाषेत स्वतःचं नाव नाही. त्यानं कुणाचं काही बिघडवलं नाही आणि तो चमकतही नाही.

दुपारी ४.३०

वही आणि कॅल्क्युलेटर. विद्यार्थ्याचा नेहमीचा गोंधळ सोडवते: पुष्कळ असणं वेगळं, परोपरीचे असणं वेगळं. कडुनिंबाखाली हुमणीच हुमणी आहे. आकडा मोठा, जात एक. माळावर सगळे मिळून त्याच्या पाव हिश्शानंही नाहीत, पण कुळं किती. एका पंगतीत शंभर पानं भातच वाढला म्हणून ताट भरत नाही.

हा फरक इथं दरवर्षी जास्त महत्त्वाचा होतोय. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आटपाडीकडं आलं, डाळिंब होतं तिथं ऊस उभा राहायला लागला. पाण्याला नाव ठेवायची माझी छाती नाही. घागरी घेऊन टँकरमागं धावलेल्या बायका मी पाहिल्यात. पण बारा महिने भिजलेली जमीन आणि कायम मुळं असलेलं पीक हुमणीला हवंच असतं. उलट गायरान नांगरलं की मातकट भुंगेऱ्याला जायला दुसरा माळ नसतो, आणि उडून जायला पंख तर त्यानं केव्हाच मोडीत काढलेत.

संध्याकाळी ७.१५

सूर्य बुडून दहा मिनिटं झाली. बांधावर आम्ही सगळे गप्प उभे. आधी एक 'भुर्र', मग दुसरा, मग सगळ्या रानातून. जमीन जणू फुटाण्यासारखी उडते. हुमणीचे भुंगेरे मातीतून निघून सरळ कडुनिंबाकडं.

आज वस्तीवरची पंधरा-वीस माणसं कंदील, बॅटऱ्या, घमेली घेऊन आलीत. घमेल्यात पाणी, पाण्यावर रॉकेल. फांदी हलवायची, खाली ताडपत्रीवर पडलेले गोळा करून घमेल्यात. एक मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते. ती घालायच्या आत, पहिल्या पावसानंतरच्या या रात्रींत धरली तर पुढच्या अळ्या तेवढ्या कमी. एकट्यानं करून उपयोग नाही, शेजारच्या बांधावरून परत येतात. गावानं मिळून केलं तर औषधाच्या डब्याहून हे स्वस्त.

"म्याडमला वाईट वाटत आसंल," कुणीतरी म्हणतं. नाही वाटत. मी फक्त घमेली मोजते आणि एकेका घमेल्यात हात घालून चुकून आलेले दुसरे बाहेर काढते. झाड एकच, काम माझंही आणि त्यांचंही.

रात्री ८.३०

खोलीमागं दोरीवर पांढरी चादर, समोर बॅटरीवरचा निळसर दिवा. अमावस्या जवळ आहे, मुद्दाम तशीच फेरी ठरवते. चांदण्यात दिव्याला कुणी भीक घालत नाही. पहिल्या अर्ध्या तासात चादर ठिपक्यांनी भरते. शिंगवाले शेणकिडे धपकन आपटतात. टिचकी मारल्यासारखा आवाज करून उताण्याचे सुलटे होणारे. तलावातून उडत आलेले गुळगुळीत पाणभुंगेरे, चादरीवर बिचारे घसरतायत.

मानेवर बारीक काहीतरी चालतं. हात उगारायच्या आत विद्यार्थी ओरडतो, "मॅडम, चिरडू नका!" नारंगी-काळा, मुंगीसारखा लांबट. शेतात हा मावा, तुडतुडे खाणारा मित्र. पण अंगावर चिरडला तर आतला रस लागून कातडी भाजल्यासारखी होते. फुंकर मारून उडवून देते. मागच्या वर्षीच्या घागरीची परतफेड झाली.

रात्री १०.४५

दिवा बंद. बंद केला नाही तर चादरीवरचे सकाळपर्यंत तिथंच राहतात आणि पाखरांच्या तोंडी जातात. अंधार झाला की थोड्या वेळात चादर मोकळी होते.

कंदिलाजवळ बसून दिवसाचं पान पुरं करते. कडुनिंब, माळ, रान, ओढा, चादर. घमेल्यांचा आकडा वेगळ्या शाईत. तात्या खाटेवरून विचारतात, "गावलं का समदं?" मी म्हणते, एक सोडून.

शेवटच्या ओळीत लिहिते: बाभूळ, दहा झाडं, सोनपाखरू, शून्य. पुढची फेरी आर्द्रात.